फाटणारा फ्लॉस आणि पुन्हा उगवलेली गाठ

प्रश्न : माझं वय २९. पहिलंच बाळंतपण आहे, परवाच २४ आठवडे पूर्ण झाले. तिसऱ्या महिन्यापासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चौथ्या महिन्यात वरच्या समोरच्या दोन दातांमधल्या हिरडीवर लालभडक गाठ आली, वाटाण्यापेक्षा लहान. दुखत अजिबात नव्हती, पण नुसती जीभ लागली तरी रक्त. डेंटिस्टनी लेझरनं दहा मिनिटांत काढून टाकली. तीन आठवड्यांत त्याच जागी पुन्हा आली आणि आता करंगळीच्या पेराएवढी झाली आहे. ओठ मिटताना मधे येते. गेल्या आठवड्यात दोनदा उशीवर रक्ताचे डाग दिसले, एकदा तर अर्धा तास रक्त थांबेना. चिठ्ठीवर 'प्रेग्नन्सी ट्यूमर' असं लिहिलंय. ते वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. नणंद म्हणते, तुकडा तपासायला का नाही पाठवला? आई म्हणते, पोटात बाळ असताना भूल नको, एक्स-रे नको, बाळंतपणानंतर बघू. हा कॅन्सर आहे का? आता काढायची की थांबायचं? आणि काढलेली गाठ पुन्हा आली कशी?

ता. क. : त्याच दोन दातांमध्ये गेल्या वर्षी सिमेंट भरून घेतलं होतं. तिथे फ्लॉस (दातांमधून ओढायचा धागा) घातला की अडकतो आणि चिंध्या होऊन बाहेर येतो. रक्ताच्या भीतीनं दोन महिने तिथे ब्रशही लावत नाही. याचा काही संबंध नसेल, पण लिहून ठेवते.

उत्तर : ताई, संबंध आहे. अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची वाक्यं तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. पण त्याकडे नंतर येऊ, कारण 'ट्यूमर' या शब्दाचा काटा तुमच्या मनातून आधी निघायला हवा, नाहीतर पुढचं काहीच तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

ट्यूमर या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ फक्त सूज. गरोदरपणात हिरडीवर येणाऱ्या या गाठीला तो शब्द फार पूर्वी चिकटला आणि चिठ्ठ्यांवर अजून लिहिला जातो, इतकंच. तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे चौथ्या महिन्यात सुरुवात, दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकावर, वरच्या जबड्यात ओठाच्या बाजूला, झपाट्यानं वाढ, दुखणं नाही आणि हात लागताच रक्त, ते पायोजेनिक ग्रॅन्युलोमा नावाच्या गाठीचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. ही कॅन्सरची गाठ नाही आणि तिचा पुढे कॅन्सरही होत नाही. ती म्हणजे हिरडीनं एखाद्या टोचणीला दिलेलं वाजवीपेक्षा मोठं उत्तर. जखम भरताना शरीर नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार करतं. इथे ते काम सुरू होतं आणि थांबायचं विसरतं. म्हणून ती एवढी लाल, म्हणून एवढं रक्त. तोंडात येणाऱ्या अशा गाठींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश हिरडीवरच येतात.

तिचं नाव मात्र दोन्ही अंगांनी चुकलेलं आहे. 'पायोजेनिक' म्हणजे पू करणारा, आणि हिच्यात पू नसतो. 'ग्रॅन्युलोमा' ही पॅथॉलॉजीतली एक वेगळीच ठरावीक रचना, तीही हिच्यात नसते. १८९७ मध्ये पाँसे आणि डोर या दोन फ्रेंच डॉक्टरांना घोड्यांच्या एका रोगाशी हिचं साम्य वाटलं आणि त्यांनी हा बुरशीचा संसर्ग ठरवला. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टझेल यांनी पुवाशी जोडणारं हे नाव रूढ केलं. पुढे १९८० मध्ये मिल्स, कूपर आणि फेकनर यांनी 'लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा', म्हणजे केशवाहिन्यांच्या घोसांची गाठ, असं जास्त खरं नाव सुचवलं, पण जुनं काही सुटलं नाही. काही डॉक्टर 'एप्युलिस' म्हणतात, त्याचा अर्थ नुसता 'हिरडीवरचं'. तुमच्या रिपोर्टवर यातलं कुठलंही नाव आलं तर ते चार वेगवेगळे रोग समजू नका.

एवढं सगळं असूनही नणंदेचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तुकडा तपासायला जायलाच हवा होता.

कारण मी वर जे लिहिलं ते वर्णनावरून. आणि हिरडीवरच्या लाल गाठी दिसायला एकमेकींच्या बहिणी असतात. जायंट सेल ग्रॅन्युलोमा नावाची एक गाठ असते, तीही हिरडीवरच येते. रंगानं जरा जांभळट-निळसर आणि कधीकधी खालचं हाड वरवर पोखरणारी. ऑसिफाइंग फायब्रोमा ही दुसरी. ती हिच्याच जागी, दोन दातांच्या मधे येते, पण जास्त कठीण आणि फिकी असते आणि तिच्या पोटात हाडासारखे कण सापडतात. दाताची नस मेलेली असेल तर मुळाशी साठलेला पू वाट काढत हिरडीवर येतो आणि तिथे छोटा फोड धरतो. तो कापून काहीच साधत नाही, दाताचं रूट कॅनाल करावं लागतं. आणि क्वचित, अगदी क्वचित, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), हिरडीचा कॅन्सर किंवा दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरचं पसरलेलं बीज हुबेहूब असंच दिसतं. अनुभवी डोळ्यांनाही चकवतं. म्हणून माझा नियम साधा आहे : तोंडातून जे जे कापून काढलं ते बाटलीत, बाटली लॅबमध्ये. 'दिसायला साधीच होती' हे कारण मला मान्य नाही.

लेझरची अडचण इथेच येते. लेझर वाईट नाही. रक्त कमी येतं, टाके बहुतेक लागत नाहीत, गरोदर बाईला खुर्चीत कमी वेळ बसावं लागतं. पण गाठ लेझरनं जाळून टाकली तर तपासायला काही उरतच नाही, आणि कापून काढली तरी कडा करपतात. काम नीट करणारा डॉक्टर लेझरनंही गाठ देठाशी अखंड कापतो आणि मधला भाग तपासायला देतो. तुमच्या डेंटिस्टना शांतपणे विचारा, तुकडा ठेवला होता का. भांडायला जाऊ नका. उत्तर 'नाही' असलं तर पुढच्या वेळी आधीच सांगून ठेवायचं.

आता फ्लॉसकडे.

दोन दातांच्या मधे भरलेलं सिमेंट दाताच्या भिंतीशी अगदी सपाट जुळलेलं असायला हवं. भरताना थोडं जास्तीचं हिरडीखाली ओघळलं आणि तसंच सुकलं तर तिथे एक बारीक कंगोरा तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. डेंटिस्ट टोकदार हत्यार दाताच्या बाजूनं वर-खाली फिरवतात तेव्हा ते त्या कंगोऱ्यावर 'टक्' करून अडकतं. घरी हेच काम फ्लॉस करतो : आत जाताना घट्ट, बाहेर येताना चिंध्या. तुम्ही स्वतःच स्वतःची तपासणी करत होतात आणि तुम्हाला पत्ताही नव्हता.

त्या कंगोऱ्याच्या आडोशाला जिवाणूंचा चिकट थर साठतो. ब्रश तिथे पोचत नाही, आणि तुम्ही तर ब्रश लावणंच सोडलंत. तो थर हिरडीला सतत डिवचत राहतो. एरवी हिरडीनं थोडी सूज धरून विषय सोडला असता. पण गरोदरपणात हिरडी चटकन रागावते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी चढलेली असते, रक्तवाहिन्या जास्त सैल आणि झिरपऱ्या होतात, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे घटक त्या जागी जास्त तयार होतात. एवढाच थर एखाद्या पुरुषाच्या हिरडीवर असता तर कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसतं. अर्थात पुरुषांना, शाळकरी मुलांना, कृत्रिम दाताच्या इम्प्लांटभोवतीसुद्धा ही गाठ येते. गरोदरपणाची ती मक्तेदारी नाही. गरोदर बायकांपैकी जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत तिचं प्रमाण सांगितलं जातं. बहुतेकींच्या हिरड्या नुसत्या सुजतात, आणि एखादीची एकाच जागी उसळून येते. त्या जागी बहुधा काहीतरी टोचत असतं : कंगोरा, टार्टरचा (दातावर साठून कडक झालेल्या थराचा) खडा, वेडीवाकडी कॅप, तुटलेल्या दाताची कड.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गाठ काढली, टोचणी ठेवली. हॉर्मोन्सही तशीच चढती. तीन आठवड्यांत पुन्हा आली यात मला नवल वाटत नाही. सगळं नीट करूनही तोंडातल्या या गाठी साधारण सहांतून एकीला परत येतात, आणि गरोदरपणात काढलेल्या तर जास्तच. 'परत आली म्हणजे वाईट असणार' हा हिशेब इथे लागू नाही.

पुढच्या भेटीत काय काय व्हायला हवं ते सांगते. आधी नुसतं बघणं आणि बोटानं चाचपणं. देठ आहे की बसकी आहे, मऊ की कडक. पृष्ठभागावर पिवळसर पापुद्रा असेल तर घाबरू नका, तो पू नसतो, सोललेल्या जागेवर धरलेली खपली असते. काही डॉक्टर काचेची पट्टी गाठीवर दाबून ती पांढरी पडते का बघतात, म्हणजे रंग वाहिन्यांतल्या रक्ताचा आहे की नाही याचा अंदाज येतो. मग शेजारच्या दोन्ही दातांची नस जिवंत आहे का हे गार स्पर्शानं तपासायचं. ते दात हलतात का बघायचं. आणि एक छोटा एक-दोन दातांचा एक्स-रे, हाड शाबूत आहे का हे कळायला. तो कंगोराही बऱ्याचदा त्यातच दिसतो.

एक गोष्ट मात्र कुणीही सुरी किंवा लेझर हातात घेण्याआधी विचारायलाच हवी : गाठीवर बोट ठेवलं तर नाडीसारखे ठोके लागतात का? दात आत दाबला तर स्प्रिंगवर बसवल्यासारखा परत वर येतो का? तिथली गाठ लहानपणापासून होती का? यातलं एकही 'हो' असेल तर थांबायचं. धमनी आणि शीर यांचं थेट जाळं असलेली जन्मजात विकृती जबड्यात दडलेली असू शकते आणि तिला हात लावला तर जिवावर बेतेल असा रक्तस्राव होतो. ते काम मोठ्या रुग्णालयात, आधी स्कॅन करून, तयारीनिशी करायचं असतं. तुमच्या बाबतीत मला तशी शक्यता फार कमी वाटते. गाठ गरोदरपणातच उगवली आणि एकदा काढताना भलतं काही झालं नाही. तरीही बोट ठेवून बघायला काय जातं? लहान बाळांच्या अंगावर जन्मानंतरच्या काही आठवड्यांत फुगणारा लाल हिमँजिओमा, जो प्रोप्रॅनोलॉलनं ओसरतो हे २००८ मध्ये ध्यानात आलं, तो आणखी वेगळा. नावात साम्य आहे म्हणून इंटरनेटवर वाचून ते औषध स्वतःहून मागू नका.

रक्ताची साधी तपासणी तुमची होतच असेल. हिमोग्लोबिन किती आहे ते डेंटिस्टला दाखवा, कारण रोज थोडं थोडं रक्त जातंय. त्याच कागदावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही असतात, रक्ताच्याच एखाद्या आजाराचा संशय त्यांवरून येतो. सगळ्याच हिरड्या फुगून आल्या आहेत, अंगावर निळे-जांभळे डाग पडताहेत, ताप जात नाही, असं असतं तर मी हे पत्र बाजूला ठेवून तुम्हाला आजच्या आज फिजिशियनकडे पाठवलं असतं. तुमचं तसं नाही, गाठ एकाच जागी आहे. तसंच दात अचानक हलायला लागला, ओठ बधिर झाला, मानेत कडक गाठ लागली किंवा एक्स-रेमध्ये हाड खाल्लेलं दिसलं, तर बाळंतपणाची वाट न बघता लगेच बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

आता काढायची की थांबायचं? इथे आईचंही थोडं बरोबर आहे आणि नणंदेचंही. बाळंतपणानंतर हॉर्मोन्स उतरतात, रक्तवाहिन्या आपोआप मिटत जातात आणि बऱ्याच जणींची गाठ काही आठवड्यांत ते महिन्यांत आक्रसते. कधी पूर्ण जाते, कधी गुलाबी, घट्ट बोंडासारखी उरते. ते उरलेलं नंतर काढणं सोपं असतं, रक्त कमी येतं आणि परत येण्याची शक्यताही कमी होते. म्हणून गाठ लहान असेल, त्रास नसेल, दिसायला-चाचपायला शंका नसेल तर मी थांबायलाच सांगते. पण तुमची ओठात येते, रात्री उशी भिजवते, एकदा अर्धा तास थांबली नाही, आणि तिचा एकही रिपोर्ट हातात नाही. 'बघू नंतर' म्हणण्याच्या पलीकडे हे गेलंय.

मी तुमच्या जागी असते तर दोन पायऱ्यांत गेले असते. या आठवड्यात हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जाऊन दात पूर्ण साफ करून घ्यायचे आणि तो कंगोरा घासून सपाट करायचा, नाहीतर सिमेंटच काढून नवं भरायचं. एवढ्यानंच गाठ पुष्कळदा निवते, रंग उतरतो, रक्त कमी होतं. दोन आठवडे बघायचं. तरी रक्त येत राहिलं तर २८ आठवडे व्हायच्या आत गाठ काढून घ्यायची आणि तपासायला पाठवायची. या काळात दातांची कामं करणं सगळ्यात सोयीचं. उलट्या बहुतेक थांबलेल्या असतात आणि पोट अजून एवढं मोठं नसतं की खुर्चीत पाठीवर झोपता येणार नाही. तरीही उजव्या कुशीखाली छोटी उशी ठेवायला सांगा. गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडलं की गरगरतं, रक्तदाब उतरतो. डाव्या अंगाकडे जरा कललं की बरं वाटतं. रक्त पहिल्या पायरीनं आटोक्यातच येत नसेल तर दोन आठवडेही थांबायचं कारण नाही.

आईला ही दोन वाक्यं वाचून दाखवा. हिरडीत टोचायची भूल, म्हणजे लिग्नोकेन, गरोदरपणात नेहमीच्या मात्रेत चालते, ॲड्रिनलिनसकट (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधासकट) चालते. दाताच्या एका एक्स-रेचे किरण तोंडावर पडतात, पोटापासून लांब, आणि मात्रा अगदी कमी असते. अमेरिकेतल्या स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच स्पष्ट केलंय की गरोदर बाईची दातांची तपासणी, एक्स-रे, भूल आणि गरजेचे उपचार सुरक्षित आहेत, ते टाळू नयेत. आईच्या पिढीला उलटं सांगितलं गेलं होतं, त्यात त्यांची चूक नाही. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना मात्र आधी कळवा, रक्तदाब आणि साखर यांचा सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो.

औषधांत मात्र आईइतकीच मीही भित्री आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल. २० आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांनी विचारपूर्वक सांगितल्याशिवाय नकोत, बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन अजिबात नको, बाळाचे दात डागाळतात. आणि खरं तर या गाठीला अँटिबायोटिक लागतच नाही. 'पायोजेनिक' नावाला भुलून ते लिहिलं जातं, तेव्हा विचारा, कशासाठी?

काढायचं ठरलं तर फक्त वरचा फुगा छाटून भागत नाही. गाठ तिच्या देठासकट, भोवतीच्या साधारण दोन मिलिमीटर निरोगी हिरडीसकट, खाली हाडावरच्या आवरणापर्यंत काढायची आणि उघड्या पडलेल्या दाताच्या मुळावरचा थर खरवडून स्वच्छ करायचा. सुरीनं करा, लेझरनं करा, हा फरक मला दुय्यम वाटतो. मग टाका किंवा जखमेवर आठवडाभर गुलाबी लेप. चोवीस तास जोरानं चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉनं काही ओढून प्यायचं नाही, गरम टाळायचं, मऊ खायचं. समोरच्या दातांत एक किंमत मोजावी लागू शकते, ती आधीच सांगून ठेवते : मधल्या हिरडीचं टोक थोडं खाली-वर होऊन दातांच्या मधे बारीक काळी फट दिसू शकते. ती पुष्कळ अंशी भरते. नाही भरली तर पुढे हिरडीचा छोटा तुकडा लावता येतो. वारंवार परत येणाऱ्या गाठीत वाहिन्या सुकवणारं औषध किंवा स्टिरॉइड टोचण्याचे मार्गही आहेत, पण ते बाळंतपणानंतरच्या खात्यात.

पॅथॉलॉजिस्टला काचेवर काय दिसेल ते सांगते, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर शब्द अनोळखी वाटणार नाहीत. वरचं आवरण जागोजाग सोललेलं, त्यावर फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा) पापुद्रा. खाली केशवाहिन्यांचे घोसच्या घोस, त्यांच्यामध्ये पाणावलेली ऊती आणि सूज आणणाऱ्या पेशी. असा मजकूर असेल तर निवांत श्वास घ्या.

तोवर रक्त आलं तर काय? गाठ तपासायची नाही, आरशात बघत बसायचं नाही. स्वच्छ गॉजची चौपदरी घडी गार पाण्यात भिजवून पिळायची, अंगठा हिरडीच्या आतल्या बाजूला आणि तर्जनी बाहेर, अशी चिमटीत गाठ धरून दाबायची. बसून, डोकं वर. घड्याळ लावून वीस मिनिटं, मधे एकदाही उचलून न बघता. 'थांबलं का' म्हणून दर दोन मिनिटांनी उचलून बघितल्यामुळेच तुमचं अर्धा तास थांबलं नसणार, अशी मला दाट शंका आहे. चुळा भरल्या की धरलेली गुठळी निघून जाते, त्याही नकोत. वीस-वीस मिनिटं दोनदा दाबूनही वाहत राहिलं तर रात्र असली तरी रुग्णालयात जायचं. देठाला दोरा बांधून गाठ पाडायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकायचा नाही. दोऱ्यानं वरचा फुगा गळतो, देठ तिथेच राहतो आणि तपासायला मिळते ती कुजलेली ऊती. लवंगेच्या तेलासारखं जळजळीत काहीही लावायचं नाही.

आणि ब्रश आजपासून सुरू. मऊ केसांचा, हिरडी-दाताच्या सांध्यावर तिरपा धरून, जागच्या जागी हलकेच हलवत. पहिले चार-पाच दिवस जास्त रक्त येईल, मग कमी होत जाईल. हे मी कितीही सांगितलं तरी बायका दुसऱ्या दिवशी ब्रश सोडतात, म्हणून आधीच बजावते. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डेंटिस्टनी सांगितलं तर दोनेक आठवडेच, जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग येतात आणि चव बिघडते. उलटी झाली तर लगेच ब्रश नको. साध्या पाण्यानं चूळ भरून अर्धा तास जाऊ द्या.

डॉक्टरकडे जाताना आणखी एक करा. त्या सकाळी फ्लॉस एकदा त्या दोन दातांतून ओढा आणि जो चिंध्या झालेला तुकडा निघेल तो फेकू नका. कागदात गुंडाळून न्या आणि बोलायला सुरुवात करण्याआधी टेबलावर ठेवा.

ता. क. : माझीही एक. हे पेल्यातून, चमच्यातून किंवा चुंबनातून कुणाला लागत नाही, तेव्हा घरात वेगळी भांडी काढली असतील तर परत ठेवून द्या. झोपेत थोडं रक्त गिळलं गेलं तरी बाळाला काही होत नाही. फक्त सकाळी तोंडाला लोखंडी चव येते.